बटाट्याचा कीस आणि आपली हजेरी

आज बोलायचंय बटाट्यावर. भाजी संपलेली, पाहुणे दारात, की हात जातो तो बटाट्याच्या टोपलीतच. मूळचा हा दक्षिण अमेरिकेचा, आपल्याकडे आणला पोर्तुगीजांनी. नावही त्यांचंच. तरी उपवासाला ज्वारी चालत नाही आणि हा परदेशी पाहुणा चालतो, गंमतच आहे!

तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत पंढरीला जाते. आषाढी आली की उपवासाच्या किसाला गिऱ्हाईक असतं. म्हणून वाळवण घालतानाच हिशोब मांडा. बटाट्यात शंभरात ऐंशीच्या आसपास भाग पाणीच. सोलून, किसून, वाळवून ५ किलोचा जेमतेम किलोभर कीस हाती येतो. बटाटा २० रुपये किलो धरला तरी किलोभर किसात १०० रुपयांचा नुसता बटाटाच गेला. गॅस, मीठ, पिशवी वेगळी. आणि पहाटे उठून किसणीवर बोटं सोलून घेणाऱ्या बाईची मजुरी? ती कितीतरी गट धरतच नाहीत. म्हणतात, घरचंच काम आहे. अहो, दुसऱ्याच्या रानात खुरपायला फुकट जातो का आपण? वहीत आधी हजेरी लिहा, मग भाव सांगा.

हिरवा पडलेला बटाटा मात्र किसात खपवू नका. त्यातलं विष शिजवूनही जात नाही. बटाटे अंधारात, हवेशीर जागी ठेवा, कांद्यापासून लांब. पोत्यात कोंडू नका, पाटीत पसरा.