स्लाइड तीच, मत दुसरे
(स्वागताध्यक्षीय भाषण)



 प्रयोगशाळेत वाढवलेल्या मौखिक ऊतींची संगणकाने मोजणी कशी करावी, यावरची परिषद नागपुरात भरते आहे, हे योग्यच झाले. इथल्या चौकाचौकातल्या पानठेल्यांवर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला जातो आणि त्याची फळे आमच्या ओपीडीत येऊन बसतात. विशी-पंचविशीतली पोरे, पण तोंडात दोन बोटे जात नाहीत. सुपारीने गालाच्या अस्तराखाली कोलॅजन साचते, वरचे अस्तर पातळ होते आणि जबडा आखडतो.

हे कसे घडत जाते ते पाहायला रुग्णाच्या गालाचा तुकडा रोज काढता येत नाही. म्हणून अस्तरच प्रयोगशाळेत वाढवायचे. १९७५ मध्ये राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या केराटिनोसाइट पेशी बशीत वाढवून दाखवल्या. तीच वाट पुढे तोंडाच्या अस्तरापर्यंत आली. कोलॅजनच्या जेलमध्ये फायब्रोब्लास्ट, त्यावर अस्तराच्या पेशी. खालून पोषकद्रव, वरून मोकळी हवा. मग पेशी थरावर थर रचू लागतात.

खरी अडचण त्यानंतर येते: त्या थरांचा छेद स्लाइडवर घेऊन वाचायची. उमेदवारीच्या दिवसांत एका स्लाइडवर मी ‘सौम्य डिस्प्लेसिया’ (पेशींची बिघडलेली वाढ) असा शेरा मारला होता. वर्षभराने सरांनी तीच स्लाइड क्रमांक झाकून पुढे ठेवली. मी ठामपणे म्हणालो, ‘मध्यम!’ सर नुसते हसले.

संगणकाला असे हसावे लागत नाही. प्रतिमा तीच आणि सेटिंग तेच, तर आकडाही तोच. स्लाइडला दिलेल्या हिमॅटॉक्सिलिनचा निळा आणि इओसिनचा गुलाबी रंग गणिताने वेगळे काढण्याची रीत रुइफ्रॉक व जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये मांडली. आज इमेजजेसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर विद्यार्थीही केंद्रके मोजतो, त्यांचा आकार आणि अस्तराची जाडी काढतो.

पण स्लाइड इओसिनमध्ये जरा जास्त वेळ राहिली किंवा छेद तिरका गेला, तर तोच संगणक चुकीचा आकडाही तितक्याच ठामपणे देतो. तिरक्या छेदात पातळ अस्तर जाड दिसते. ही गफलत आधी ओळखतो तो छेद कापणाऱ्या मायक्रोटोमवर बसणारा तंत्रज्ञ. त्याचे नाव शोधनिबंधावर क्वचितच असते. म्हणून पहिले सत्र आम्ही तंत्रज्ञांना दिले आहे. अल्गोरिदमवाल्यांनी ते चुकवू नये, ही यजमानाची विनंती.

संध्याकाळी सावजी रस्सा आहे. आपापल्या अस्तराची जाडी ओळखून वाढून घ्यावा. व्यवस्थेत काही उणे राहिले तर पोटात घालावे. जेवणानंतर बडीशेप मिळेल. सुपारी मात्र कोणी मागू नये.