गावच्या दप्तरातील गेलेली माणसे



ग्रामसभेच्या कामकाजाला अनेक गावांत एका ठरावाने आरंभ होतो. मागील सभेनंतर गावात जी माणसे निधन पावली त्यांची नावे वाचून दाखविली जातात, जमलेली मंडळी दोन मिनिटे उभी राहतात, 'श्रद्धांजली अर्पण करण्यात आली' असे वाक्य इतिवृत्तात पडते आणि विषयपत्रिकेवरील पुढचा विषय पुकारला जातो. रीत चांगली आहे, ती मोडू नये. परंतु नावे वाचून संपेपर्यंत त्या माणसांबद्दल गावाला काय सांगितले गेले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. माणूस पुढारी असला तर दशक्रियेच्या दिवशी घाटावर भाषणे होतात, चौकात फलक लागतो. शेतमजूर, सुईण, सुतार, पाणक्या, कोतवाल यांच्या वाट्याला फलक आला तरी तो पहिल्या पावसात उतरतो.

ग्रामीण भागात माणूस गेल्यावर सरकारी दप्तरात त्याच्या तीन ठळक खुणा उमटतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये ग्रामसेवक (२०२४ पासून त्यांस ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) मृत्यूची नोंद घेतो. ही वर्दी एकवीस दिवसांत द्यावयाची असते. जमीन असल्यास तलाठी, म्हणजे आजचा ग्राम महसूल अधिकारी, गाव नमुना सहा-कमध्ये वारसांची नोंद करतो आणि मग फेरफार पडून सातबाऱ्यावरील नाव बदलते. तिसरी खूण मतदार यादीतील. तेथे नाव वगळले जाते. तीनही नोंदी आवश्यक आहेत आणि तीनही मनुष्य नाही एवढेच सांगणाऱ्या आहेत.

२००० सालच्या नियमांखालील मृत्यूच्या अहवालाचा नमुना ज्यांनी भरला असेल त्यांना त्यातील एक रकाना आठवेल. मृत व्यक्ती धूम्रपान करीत होती काय, तंबाखू खात होती काय, सुपारी खात होती काय, मद्य घेत होती काय, आणि असल्यास किती वर्षे, असे तेथे विचारलेले आहे. आरोग्य खात्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. रोगाचे मूळ शोधावयाचे तर असे प्रश्न विचारलेच पाहिजेत. व्यवसायाचाही एक रकाना आहे. पण साठ वर्षे रोपे लावणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या आणि जनावरे राखणाऱ्या बाईच्या नावापुढे तेथे 'घरकाम' किंवा 'निरंक' असा शब्द सहज लिहिला जातो. हा दोष नमुन्याचा नव्हे. लिहिणाऱ्याने विचारले नाही आणि सांगणाऱ्याला सांगण्याजोगे वाटले नाही, एवढेच.

नोंद नसली म्हणजे काय होते, हे गेल्या काही वर्षांत राज्याने दोनदा पाहिले. २०२० आणि २०२१ या करोनाच्या वर्षांत अंत्यविधीला मोजकीच माणसे जमू शकत होती. अनेक वृद्ध रुग्णालयात गेले ते परत आले नाहीत. खांदा देणे, तिसऱ्या दिवशी सावडणे, दहाव्याला सारा गाव जमणे, यांपैकी काहीच झाले नाही, आणि त्यामुळे त्या निमित्ताने एरवी ज्या आठवणी निघतात त्याही निघाल्या नाहीत. पुढे मृतांच्या निकटच्या नातलगांना पन्नास हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य देण्यात आले, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर कारणाचा उल्लेख कसा आहे याला एकाएकी मोल आले. दुसरा प्रसंग २०२३ चा. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील अभिलेख कक्षांतून जुनी कोतवाल बुके, म्हणजे गाव नमुना चौदाचे जन्म-मृत्यूचे कागद, बाहेर निघाले. त्यांतील कित्येक मोडी लिपीत होते. मोडी वाचणाऱ्यांना त्या काळात जी मागणी आली ती पूर्वी कधी आली नसेल. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या अल्पशिक्षित गावकामगाराने दौत-टाकाने लिहिलेला एक शब्द पणतवंडांच्या शिक्षणाशी आणि नोकरीशी जाऊन भिडला. लिहिणाऱ्याला त्याची कल्पनाही नसावी.

तथापि दाखला मिळणे ही एक गोष्ट आणि माणूस आठवणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीसाठी २०१८ साली निधन पावलेल्या दोन ग्रामस्थांकडे पाहावे. एक राज्याच्या पूर्व टोकाचे, दुसरे पश्चिम टोकाचे, आणि दोघे तीन आठवड्यांच्या आत गेले.

दादाजी रामाजी खोब्रागडे हे चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे. शाळा तिसरीपर्यंत, जमीन सुमारे दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर होता. दुसऱ्या कोणी त्या बाकीच्या धानाबरोबर कापल्या असत्या. दादाजींनी त्या निराळ्या ठेवल्या, पुढच्या हंगामात निराळ्या पेरल्या, त्यांतून पुन्हा निवड केली आणि असे वर्षानुवर्षे केले. बारीक दाण्याचा, शिजल्यावर चांगला लागणारा, भरघोस उतारा देणारा असा वाण तयार झाला. १९९० च्या सुमारास तो बाजारात गेला तेव्हा त्याला नाव नव्हते. त्या दिवसांत एचएमटी कंपनीचे मनगटी घड्याळ लोकांच्या फार आवडीचे होते. ते नाव धानाला चिकटले. आज विदर्भात आणि विदर्भाबाहेरही शहरातील किराणा दुकानात 'एचएमटी तांदूळ' मागणाऱ्या गृहिणीला ते नाव एका घड्याळाचे आहे हे ठाऊक असेल वा नसेल. त्यामागे दीड एकराचा एक शेतकरी आहे हे बहुधा ठाऊक नसते. दादाजींनी त्यानंतरही अनेक वाण काढले. त्यांपैकी 'डीआरके' या वाणात त्यांची स्वतःची आद्याक्षरे आहेत, हे त्यातल्या त्यात बरे झाले. २००५ साली राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, २०१० साली 'फोर्ब्स' मासिकाने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. वाणाचा प्रसार जितका झाला त्या मानाने घरात पैसा मात्र आला नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

या चरित्रातील सर्वांत मोलाचा भाग कोणता? पुरस्कार नव्हे. लोंबी वेगळी आहे हे कशावरून ओळखावे, ती कोणत्या दिवशी कापावी, बियाणे कशात ठेवावे, भेसळ कशी टाळावी, हे तीस-पस्तीस वर्षांचे बारीक ज्ञान होय. दादाजींचे नाव झाले म्हणून त्यातील थोडे कागदावर आले. परंतु पाऊस पाहून पेरणीचा दिवस सांगणारा, विहिरीला झरा कोणत्या अंगाने आहे हे जाणणारा, दुखावलेल्या बैलाचा खांदा हाताने बसविणारा मनुष्य राज्यातील पुष्कळ गावांत होता किंवा आहे. तो गेला म्हणजे त्याच्याबरोबर काय गेले याची यादी कोणी करीत नाही.

जिव्या सोमा म्हसे हे डहाणू तालुक्यातील गंजाडचे. वारली जमातीत लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम स्त्रियांचे. म्हसे यांनी ती कला लग्नघराबाहेर कागदावर आणि कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी ते निवर्तले. त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या ज्या बायकांनी भिंती रंगविल्या आणि ज्या धवलेरींनी लग्नाची गाणी म्हटली, त्यांची नावे कोणाच्या दप्तरात आहेत? भिंत पुन्हा सारवली की चित्र गेले, आणि चित्र काढणारी गेली की नाव गेले.

स्त्रियांच्या बाबतीत ही विस्मृती जुनी आहे. मारुतीच्या देवळापाशी, वेशीबाहेर, कधी बांधावर शेंदूर फासलेले वीरगळ आपण पाहतो. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाई सोडविण्याचा प्रसंग, मध्ये अप्सरा वीराला नेत आहेत, वर शिवलिंगाची पूजा. गावासाठी पडलेल्या माणसाची ती नोंदच होय, जरी बहुतेकांवर नाव कोरलेले नसले तरी. बाईच्या नावे दगड उभा राहिला तो सतीचा, काकणे भरलेल्या हाताचा. म्हणजे तिने काय केले यासाठी नव्हे, ती नवऱ्यामागे जळाली यासाठी. सत्तर वर्षे घरे सांभाळून, शेकडो बाळंतपणे सोडवून अंथरुणावर गेलेल्या सुईणीचा दगड कोठे दिसत नाही. तिचे सांगणे राहिले ते जात्यावरच्या ओवीत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून सहकाऱ्यांच्या मदतीने एक लाखांहून अधिक ओव्या जमविल्या, गाणाऱ्या स्त्रीच्या आणि गावाच्या नावासह. त्यांतील अनेक गायिका आज हयात नाहीत. नातवंडांना आजीचे शब्द मिळतात ते या संग्रहामुळे. गिरणी आली तेव्हा जाते कोपऱ्यात गेले. आणखी वीस वर्षे कोणी फिरकले नसते तर यातील पुष्कळसे मिळाले नसते.

आठवण ठेवण्याचे काम पूर्वी काही माणसे व्यवसाय म्हणूनच करीत. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात हेळवी बैल घेऊन दारात येतो आणि घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवितो. नवीन जन्म-मृत्यू आपल्या वहीत टिपून घेतो, धान्य घेतो आणि पुढच्या गावी जातो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. यात्रेकरूने हस्ताक्षर केले की कुळाची एक कडी जोडली जाते. दोन्ही परंपरा आदरणीय आहेत. मात्र हेळव्याचे दान ज्याच्या घरी पिकते त्याची पिढी लिहिली जाते, आणि तीर्थाला जो पोचतो त्याची नामावळी वाढते. भूमिहीन, भटके, कामासाठी हंगामाहंगामाला गाव सोडणारे ऊसतोड मजूर यांच्यासाठी हे काम करावयाचे झाले तर ते ग्रामपंचायतीने आणि शाळेनेच केले पाहिजे.

त्यासाठी नवी योजना, नवे लेखाशीर्ष लागत नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ खाली ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते आणि तिच्या नमुन्यात वैदू, जाणकार शेतकरी, वनस्पतींची माहिती असणारी माणसे यांची नोंद करण्याची सोय आहे. जेथे ही वही मुदतीच्या घाईत भरली गेली तेथे ती पुन्हा उघडावी आणि वृद्ध माणसे हयात असतानाच भरावी. गेलेल्यांसाठी साधी दोनशे पानी वही पुरते. माणूस गेल्यावर लगेच जाऊ नये. घर दुःखात असते आणि कारभारी मंडळी केवळ गुणवर्णन करतात. वर्षश्राद्धाच्या सुमारास गेले म्हणजे माणसे मोकळेपणाने बोलतात. सातवी-आठवीचे विद्यार्थी हे काम उत्तम करतात, फक्त शिक्षकांनी प्रश्न नेमून द्यावेत. 'ते कसे होते?' असे विचारले तर 'फार चांगले होते' एवढेच उत्तर येते. 'सकाळी उठून पहिले काम कोणते करीत? १९७२ च्या दुष्काळात कोणत्या कामावर होते, मजुरी किती मिळे, काय खाल्ले? कोणाकडून शिकले? कोणाला शिकविले?' असे विचारले की पान भरते. कुटुंबाची संमती घ्यावी. भांडणे, कर्ज, आजार यांविषयी ते सांगतील तेवढेच लिहावे. मजकूर घरच्यांना वाचून दाखवावा, चूक असेल ती दुरुस्त करावी, एक प्रत शाळेत आणि एक पंचायतीत ठेवावी. पुढील ग्रामसभेत ठरावाबरोबर प्रत्येकाविषयी चार वाक्ये वाचली तर सभा दहा मिनिटे लांबेल. तेवढी लांबू द्यावी.

मृत्यूनंतरच्या रीतींत गाव आपण होऊन बदल करू शकते, याचे उदाहरण समोर आहे. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगणारे परिपत्रक काढले. गेलेल्याचा सन्मान मागे राहिलेल्या बाईचा अपमान करून होत नाही, हे त्या ठरावाने बोलून दाखविले. काही गावांतून रक्षा नदीत न सोडता शेतात मिसळून त्या जागी झाड लावले जाते. झाडाशेजारी नाव लिहिण्याची पद्धत मात्र सर्वत्र नाही.

वहीसंबंधी आणखी एक सूचना, जी लिहिणाऱ्याकडून हमखास राहून जाते. पुरुषाची नोंद त्याच्या गावच्या नावाने होते. बाई गेली की 'अमक्याची पत्नी, तमक्याची आई' एवढ्यावर लेखणी थांबते. तिचे माहेर कोणते, माहेरी तिला कोणत्या नावाने हाक मारीत, लग्नात कोणते नाव ठेवले आणि ती किती वर्षांची असताना या गावात आली, हे चार प्रश्न आधी विचारावेत. माहेरच्या गावालाही एक प्रत टपालाने पाठवावी. तेथील शाळेत तिच्या नावाने काहीच नसण्याची शक्यता अधिक.