एका वर्षाची गाडी



शेवरलेची १९५५ची गाडी संपूर्ण नव्या घडणीची होती. १९५६ साली तिचा चेहरा बदलला, १९५७ साली मागचे पंख वाढले, आणि १९५८ साली ती घडणच बाजूला ठेवून सर्वस्वी वेगळी गाडी आली. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी १९२०च्या दशकात हे धोरण रुजवलं. दरवर्षी गाडीचं रूप थोडं पालटायचं, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी दारात उभी असलेल्या माणसाला ती जुनी वाटू लागते. १९२७ साली त्यांनी हार्ली अर्ल यांच्या हाती गाड्यांच्या रूपाचा स्वतंत्र विभाग दिला. शाडूसारख्या मऊ मातीची मॉडेलं करून आकार ठरवायचे, ही पद्धत अर्ल यांनी तिथे पक्की केली. लॉकहीडच्या पी-३८ विमानाची शेपटी पाहून १९४८च्या कॅडिलॅकला पंख फुटले आणि १९५९मध्ये ते कळसाला पोचले, हा इतिहास गाड्यांच्या शौकिनांना ठाऊक आहे.

म्हणजे आपण ज्यांना आज ‘क्लासिक’ म्हणतो, त्या गाड्या वर्षभरात शिळ्या व्हाव्यात म्हणूनच घडवल्या होत्या. त्यांच्या प्लास्टिकच्या किटांविषयी मी आज बोलणार आहे ते यासाठी, की ज्या गाडीकडे लोकांनी वर्षभरच पाहावं अशी कारखान्याची इच्छा होती, तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारी माणसं या किटांनी तयार केली.

या किटांचा जन्मही विक्रीच्या दुकानातच झाला. १९४८ साली मिशिगनमध्ये वेस्ट गॅलोग्ली नावाच्या वकिलांनी ‘अॅल्युमिनम मॉडेल टॉइज’ ही कंपनी काढली. एएमटी ती हीच. पहिली मॉडेलं फोर्ड सेडानची, ओतीव अॅल्युमिनियमची. लवकरच प्लास्टिक आलं. मोटार विक्रेत्यांनी ही तयार मॉडेलं गिऱ्हाइकाला दाखवायची, आणि वडील गाडी बघायला आले की सोबतच्या मुलाच्या हातात एक द्यायचं, असा तो व्यवहार होता. रंग खऱ्या गाडीच्या त्या वर्षीच्या रंगांशी जुळणारे असत. मोटार कंपन्या आपली रेखाचित्रं गाडी बाजारात यायच्या आधीच विश्वासाने मॉडेलवाल्यांना देत, त्यामुळे या छोट्या गाड्यांची मापं चोख असत. सुरुवातीचं अॅसिटेट प्लास्टिक मात्र दगा देणारं. काही वर्षांत ते वाकतं, मडगार्डं खाली झुकतात, टप चेपल्यासारखा दिसतो. पुढे पॉलिस्टायरीन आलं आणि तो त्रास संपला.

१९५८ साली एएमटीने अशीच छोटी गाडी सुटे भाग करून खोक्यात भरली. एका खोक्यात तीन पर्याय होते. कारखान्यातून निघाली तशी गाडी करा, आपल्या मनाप्रमाणे नटवलेली करा, नाही तर शर्यतीची करा. जादा भाग खोक्यातच. या एका कल्पनेने अमेरिकेतल्या मुलांची एक पिढी टेबलाशी बसवली. एएमटीतल्या जॉर्ज टोटेफ यांनी सरकत्या बाजूंचा साचा वापरात आणला, त्यामुळे टप, दोन्ही बाजू, पुढचा-मागचा भाग असं सगळं अंग एकसंध ओतता येऊ लागलं आणि बाजूवरची नक्षीही स्पष्ट उठू लागली. हेच टोटेफ १९६३ साली बाहेर पडून एमपीसी ही कंपनी काढून बसले. कॅलिफोर्नियात रेव्हेल आणि शिकागोकडे मोनोग्राम या कंपन्या आधीपासून होत्याच. मोनोग्रामचं माप १/२४, म्हणजे फुटाला अर्धा इंच, एएमटीचं १/२५. फरक किरकोळ वाटतो, पण दोन्ही मापांच्या गाड्या शेजारी ठेवल्या की नजरेला खटकतो.

आता एक गाडी हातात घेऊ. १९५७ची शेवरले बेल एअर खरी २०० इंच लांब, म्हणजे ५ मीटरहून जरा अधिक. १/२५ मापात ती २० सेंटिमीटरच्या आसपास येते. खऱ्या गाडीत दार आणि मडगार्ड यांच्यामध्ये ५ मिलिमीटरची फट असेल, तर मॉडेलमध्ये ती ०.२ मिलिमीटरची हवी. साच्यातून येणारी रेघ रुंद पण उथळ असते. रंगाचे थर चढले की ती बुजते. म्हणून रंगाआधी ब्लेडच्या मागच्या टोकाने हलक्या हाताने ती खोल करून घ्यायची. त्याच वेळी साच्याचे भाग जिथे मिळतात तिथली उंच शीर काढायची. ती मडगार्डाच्या माथ्यावरून आणि मागच्या खांबावरून जाते, आणि प्लास्टिकच्या रंगात सहसा दिसत नाही. चकचकीत रंग बसला की मात्र ती आधी दिसते, गाडी नंतर. खड्डा असेल तिथे लांबी भरायची, वॉटर पेपर मारायचा, प्रायमर द्यायचा, पुन्हा पाहायचं. आपल्याकडे गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगवाला हेच करतो. त्याच्या कामाची किंमत मला या छंदातून कळली.

रंगाबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. खऱ्या गाडीचा धातूच्या कणांचा रंग आणून मॉडेलवर मारला, तर ते खोटं दिसतं. रंग तोच असतो, पण कण लहान होत नाहीत, पंचवीसपट मोठे वाटतात. म्हणून बारीक कणांचा रंग शोधावा लागतो. लहान करणं म्हणजे प्रत्येक गोष्ट भागून टाकणं नव्हे. काही गोष्टी भागल्या की नाहीशा होतात, काही भागल्याच जात नाहीत. कुठली कशी दाखवायची हे मॉडेलकाराने ठरवायचं असतं, आणि त्यातच त्याची समज दिसते.

बेल एअरची खरी परीक्षा क्रोमच्या पट्ट्यांवर होते. बाजूने जाणारी पट्टी मागे फाकते आणि दोन फाट्यांमध्ये उभ्या रेघांचा अॅल्युमिनियमचा पत्रा बसतो. ही पट्टी चंदेरी रंगाने रंगवली तर रंगवलेलीच दिसते. त्यावर उपाय म्हणजे मागच्या बाजूला गोंद असलेला धातूचा अतिशय पातळ वर्ख. मिशिगनमधल्या फार्मिंग्टनच्या ‘बेअर-मेटल फॉइल’ या कंपनीचं नाव त्यासाठी जगभर घेतलं जातं. वर्खाची पट्टी जरा रुंदच कापायची, चिमट्याने अलगद ठेवायची आणि दात कोरायच्या काडीने मधून कडेकडे दाबत न्यायची. वर्ख दबला की खालच्या पट्टीची कड त्यातून उठून येते. मग नवंकोरं ब्लेड घेऊन त्या कडेने एका दमात कापायचं. ब्लेड जुनं असेल तर वर्ख फाटतो, जोर जास्त झाला तर खालचा रंग कापला जातो. मागच्या रेघांच्या पत्र्यावर तर एकेका खाचेत वर्ख बसवावा लागतो. हे करताना आपोआप कळतं, की डाव्या पंखाच्या मागच्या कडेवरच्या क्रोममध्ये पेट्रोल भरायचं तोंड लपवलेलं आहे. पुढच्या मडगार्डांवर तीन छोटी सोनेरी चिन्हं आहेत, आणि जाळीही सोनेरी झाकेची आहे. ही सोनेरी सजावट बेल एअरची. त्याच वर्षीची साधी वन-फिफ्टी अशी मिरवत नाही. पोलीस आणि शर्यतवाले तीच घेत, कारण ती हलकी आणि स्वस्त.

बॉनेट उघडलं की आणखी एक जग. शेवरलेचं व्ही-८ इंजिन केशरी रंगवायचं. डिस्ट्रिब्यूटर मागे, फायरवॉलच्या जवळ. ड्रायव्हरच्या बाजूला १, ३, ५, ७ ही सिलिंडरं आणि पलीकडे २, ४, ६, ८. ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. किटात डिस्ट्रिब्यूटर म्हणजे नुसती एक गुंडी असते. तिला बारीक ड्रिलने आठ वायरींची भोकं पाडायची, शिवाय मध्ये कॉइलच्या वायरीचं एक, आणि खऱ्या क्रमाने वायरी न्यायच्या. प्लगची खरी वायर ७ मिलिमीटर जाडीची. मॉडेलमध्ये ती ०.२८ मिलिमीटर हवी. ०.३ची तार चालते. ०.५ची लावली तर इंजिनावर दोरखंड गुंडाळल्यासारखे दिसतात. फोर्डचं २८९ इंजिन केलं तर डिस्ट्रिब्यूटर पुढे येतो आणि क्रमही १-५-४-२-६-३-७-८ असा बदलतो. बॉनेट लावल्यावर हे कोण पाहणार, असं मला नेहमी विचारतात. माझं उत्तर असं, की क्रम बरोबर लावायचा तर इंजिन कसं चालतं ते समजून घ्यावं लागतं, आणि ते समजलेलं कुठलंही बॉनेट झाकत नाही.

याच मातीतून खरे शिल्पीही निघाले. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडीने १९३० ते १९६८ पर्यंत ‘क्राफ्ट्समन्स गिल्ड’ नावाची मॉडेल स्पर्धा चालवली. सुरुवातीला राजेशाही घोडागाडीची हुबेहूब प्रतिकृती, नंतर स्वतः कल्पिलेल्या मोटारीचं मॉडेल. बक्षीस म्हणून विद्यापीठीय शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मिळत. १९४७चे विजेते चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख झाले. स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती, मुलींना दार बंद होतं. त्या काळाचा हा दोष नोंदवलाच पाहिजे.

आपला आणि या गाड्यांचा संबंध नुसता सिनेमापुरता नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली आणि १९५४ पर्यंत ते काम चाललं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायसलरच्या डॉज, प्लिमथ जुळू लागल्या. त्यामुळे मुंबईच्या रस्त्यावरची अमेरिकन गाडी करायची, तर किट जसंच्या तसं चालत नाही. किटातलं स्टिअरिंग डावीकडे असतं. डॅशबोर्ड कापून उलटा जुळवावा लागतो, पेडलं हलवावी लागतात, वायपरची दिशा फिरवावी लागते. असं काम आपल्याकडच्या मॉडेलकारांनी जास्त करावं, असं मला मनापासून वाटतं. शिवडी-कुर्ल्याच्या गाड्यांचं तयार किट कोणी काढणार नाही.

मॉडेल कुठवर नेता येतं ते मायकेल पॉल स्मिथ यांनी दाखवलं. १/२४ मापाच्या गाड्या आणि स्वतः बांधलेली घरं, दुकानं त्यांनी उघड्यावर टेबलावर मांडली, मागे खरी झाडं आणि खरा रस्ता धरला आणि साध्या कॅमेऱ्याने फोटो काढले. ‘एल्गिन पार्क’ हे त्यांचं गाव कुठल्याही नकाशावर नाही. फोटो पाहताना ते पटत नाही.

आता साच्यांविषयी, कारण तिथे खरी हानी झाली आहे. दरवर्षीच्या किटासाठी पोलादाचा साचा नव्याने करणं परवडत नसे. गाडीचा चेहरा बदलला की जुना साचाच कोरून नवा चेहरा उठवत. त्यामुळे आदल्या वर्षीचं किट कायमचं संपे. गाडी शिळी करण्याचं धोरण असं मॉडेलच्या पोलादापर्यंत पोचलं. पुढे एएमटी आणि एमपीसी ही दोन्ही नावं अर्टल कंपनीकडे गेली आणि आज ती इंडियानामधल्या राउंड टू या कंपनीकडे आहेत. हरवलेली काही अंगं ते जुन्या नमुन्यांवरून पुन्हा घडवत आहेत. मोबियस या कंपनीने हडसन हॉर्नेटसारख्या, मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या गाडीचं देखणं किट काढलं.

त्यामुळे १९६०च्या दशकातलं न उघडलेलं खोकं आज दागिन्यासारखं जपलं जातं, सीलसकट. मला ते जपणं मान्य नाही, आणि त्याचं कारण रसायनात आहे. त्या काळच्या मऊ व्हिनाइल टायरांमधला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू बाहेर झिरपतो. टायर ज्या पॉलिस्टायरीनच्या भागाला टेकला असेल तो भाग तो विरघळवतो. सील शाबूत असतं आणि आत प्लास्टिकच्या काचेवर टायरची गोल खूण खोल उतरलेली असते. कुणाकडे असं खोकं असेल तर आज घरी गेल्यावर उघडा. टायर वेगळ्या पिशवीत ठेवा, काचेचे भाग मऊ कागदात गुंडाळा, आणि गाडी जोडायला घेतलीत की चाकावर टायर चढवायच्या आधी चाकाच्या कडेवर वर्खाची एक पट्टी दाबून बसवा.