लोहखनिजाच्या खाणीतली बाई कुठे गेली?

पोलाद म्हटलं की भट्टीसमोरचा पुरुष डोळ्यांपुढे येतो. मला दल्ली-राजहराविषयी बोलायचंय. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज इथून गेलं. हातकामाच्या खाणीत नवरा-बायको जोडीनं राबायची: तो दगड फोडायचा, ती घमेल्यानं वाहायची. कंत्राटदाराकडे का होईना, तिला काम होतं. १९७७ मध्ये छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा राहिला तेव्हा या बाया पुढे होत्या. त्याच जूनमधल्या पोलीस गोळीबारात अनुसूयाबाई मारल्या गेल्या. पुढे दारूविरोधी मोहीमही बायांनीच रेटली.

मग यंत्रं येऊ लागली. 'बायांना काढा' असं कुणी लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती! यंत्र तीन पाळ्यांत चालतं, आणि १९५२ च्या खाण कायद्याचं ४६ वं कलम बाईला रात्रपाळीला ठेवू देत नव्हतं. संरक्षणाचा कायदा तिच्याच मुळावर आला. शंकर गुहा नियोगी आणि संघटनेनं पर्याय मांडला होता, अर्धयांत्रिकीकरणाचा: माणसं ठेवून यंत्र आणा. १९९१ मध्ये नियोगींचा खून झाला. त्याच वर्षी पोलाद उद्योग खाजगी भांडवलाला खुला झाला.

पुढे सगळी चर्चा स्वेच्छानिवृत्तीची. पण ती कायम कामगारांची. जिचं नावच हजेरीपटावर नाही, तिला कसली निवृत्ती?

२०१९ मध्ये उघड्या खाणींत बायांना रात्रपाळीची परवानगी मिळाली. तोवर घमेल्याचं काम बहुतेक संपलं होतं, आणि डंपर चालवायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आता गडचिरोलीत सुरजागडला खनिज निघतंय. तिथल्या गटांनी हजेरीपट बघायला मागावा, कंत्राटदारांचासुद्धा.