विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र : शब्दाच्या जबाबदारीची शाळा



शाळेचे वृत्तपत्र म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काचेआडचा एक फलक उभा राहतो. त्यावर सुविचार, स्नेहसंमेलनाचा वृत्तांत, बक्षीसपात्र विद्यार्थ्यांची नावे आणि कोपऱ्यात रंगीत खडूने काढलेली वेलबुट्टी. उपक्रम गोड; पण अभ्यासाच्या मानाने दुय्यम, अशी त्याची गणना होते. दहावीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाने त्यात वेळ घालवावा काय, हा प्रश्न पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्या प्रश्नाचा विचार रायपुरात करण्याला विशेष औचित्य आहे. कारण वृत्तपत्र चालवण्याची विद्या चालवूनच शिकावी लागते, याचा एक उत्तम दाखला याच शहराशी जोडलेला आहे.

माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. घरची भाषा मराठी. शालेय शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे झाले. रायपूरच्या शाळेत नंदलाल दुबे या शिक्षकांनी त्यांच्या मनात हिंदी साहित्याची गोडी रुजवली. पदवी घेतल्यावर सरकारी नोकरीची वाट त्यांना मोकळी होती. परंतु ती सोडून त्यांनी पेंड्र्याच्या राजकुमाराच्या शिक्षकाचे काम पत्करले आणि त्या पगारातून पैसे बाजूला टाकून जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक, तर वामन बळीराम लाखे प्रकाशक. रायपूरचे लाखेनगर आजही ज्यांचे नाव सांगते, तेच हे लाखे. तिघेही मराठी घरांतले, तिघेही तरुण. छत्तीसगडच्या पत्रकारितेचा प्रारंभ याच मासिकापासून मानला जातो.

त्या काळी पत्रकारितेचे शिक्षण देणारे विद्यालय देशात नव्हते. मजकूर पेंड्र्याला तयार व्हायचा आणि छपाई दूर रायपुरात व्हायची. पुढे ती नागपूरच्या देशसेवक छापखान्यात होऊ लागली. लेखन, संपादन, मुद्रितशोधन, वर्गणीची वसुली ही सारी कामे या तरुणांनी करता करता आत्मसात केली. नव्या पुस्तकांची परखड समीक्षा हे मासिकाचे वैशिष्ट्य ठरले. हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये जिची गणना होते, ती सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ १९०१ मध्ये याच मासिकात प्रसिद्ध झाली. आर्थिक ओढाताणीमुळे डिसेंबर १९०२ मध्ये ‘मित्र’ बंद पडले. हिशेबाच्या वहीत तो तीन वर्षांचा तोटा दिसतो. पण १३ एप्रिल १९०७ रोजी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू करणारा संपादक त्याच तीन वर्षांनी घडवला होता.

‘हिंदी केसरी’चे मूळ पुण्यात होते, आणि त्या मुळाचा शोध घेतला तर तो एका शाळेपाशी जाऊन पोहोचतो. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. पुढच्याच वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याच मंडळींनी ‘मराठा’ आणि ‘केसरी’ ही दोन पत्रे काढली. विष्णुशास्त्री चिपळूणकर वगळता ही मंडळी नुकतीच महाविद्यालयातून बाहेर पडलेली. टिळक आणि आगरकर दोघेही चोवीस वर्षांचे. दिवसा वर्गात शिकवणारे हात संध्याकाळी अग्रलेख लिहीत होते.

या तेजस्वी आरंभाला एक वेदनादायक धडाही जोडलेला आहे. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याच्या वार्तेने या पत्रांचे संपादक व्यथित झाले. दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर त्यांनी प्रसिद्ध केला. ज्या पत्रांच्या आधारे तो केला, ती बनावट निघाली. हेतू निर्मळ होता, तळमळ खरी होती. पण कागद खोटा होता. न्यायालयात दिलगिरी व्यक्त करूनही जुलै १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले. समाजाने या दोघांना डोक्यावर घेतले, ते त्यांच्या धैर्यासाठी. तरी पत्रकारिता शिकणाऱ्याने या प्रकरणातून दुसरीही गोष्ट उचलली पाहिजे. अन्यायाची चीड कितीही प्रामाणिक असली, तरी पुराव्याची पडताळणी तिच्यामुळे माफ होत नाही.

विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचे प्रयोजन येथे स्पष्ट होते. जी चूक प्रौढ वयात अब्रूला, पैशाला किंवा स्वातंत्र्याला मुकवू शकते, ती शाळेच्या चार भिंतींत घडली तर पुढच्या अंकातील दोन ओळींच्या दुरुस्तीने निभावते. मात्र तिचा संस्कार तेवढाच खोल राहतो. पोहायला शिकणारा जसा आधी गावच्या विहिरीत उतरतो आणि मग नदीत, तसाच हा क्रम आहे.

मराठीत या परंपरेचे एक हृद्य उदाहरण अंमळनेरचे आहे. १९२४ मध्ये साने गुरुजी तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तेथील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ हे दैनिक लिहून काढीत. छापखाना नाही, जाहिरात नाही. एक प्रत आणि तिच्याभोवती जमलेली मुले. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले, आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू झालेले त्यांचे ‘साधना’ साप्ताहिक आजही प्रसिद्ध होते. वसतिगृहातील हस्तलिखित दैनिकापासून महाराष्ट्राच्या विचारविश्वातील साप्ताहिकापर्यंतची ही वाट साधनसामग्रीने घडलेली नाही. वाचकाला रोज काहीतरी खरे आणि हिताचे द्यायचे, या निष्ठेने ती घडली आहे.

वृत्तपत्र काढताना मूल नेमके काय शिकते? कोण, काय, केव्हा, कुठे, का आणि कसे हे सहा प्रश्न पाठ करणे सोपे असते. परीक्षा सुरू होते ती पहिली बातमी घेऊन विद्यार्थी संपादकापुढे उभा राहिल्यावर. ‘क्रीडास्पर्धेला प्रचंड प्रतिसाद मिळाला’ असे वाक्य तो लिहितो, आणि संपादक असलेली वरच्या वर्गातली ताई विचारते, “प्रचंड म्हणजे किती? तू मोजलेस का?” तो मैदानावर परत जातो, क्रीडाशिक्षकांकडची यादी पाहतो आणि ‘प्रचंड’ हा शब्द खोडून तेथे आकडा लिहितो. त्या क्षणी विशेषण आणि वस्तुस्थिती यांतील अंतर त्याला उमगते. निबंधात अलंकार शोभतात. बातमीत त्यांचा हिशेब द्यावा लागतो.

पाठोपाठ इतर गोष्टी येतात. ज्याच्याविषयी तक्रार आहे, त्याचेही म्हणणे विचारून घ्यायचे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहायची. नावातील ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासायचे, कारण ज्याचे नाव चुकते त्याला ती चूक शुद्धलेखनाची वाटत नाही, अवहेलनेची वाटते. मथळा मजकुरापेक्षा मोठे आश्वासन देत नाही ना, हे पाहायचे. जागा शंभर शब्दांची असेल तर दोनशेतील कोणते शंभर गाळायचे हे ठरवायचे, आणि अंक ठरलेल्या दिवशी बाहेर काढायचा. मोबाइलवर आलेला संदेश वाचण्याआधीच पुढे ढकलला जाणाऱ्या आजच्या काळात, क्षणभर थांबून ‘हे कळले कुठून?’ असे विचारण्याची सवय ही केवळ पत्रकाराची गरज उरलेली नाही. भावी डॉक्टर, वकील, व्यापारी, गृहिणी, मतदार या सर्वांनाच ती हवी आहे.

रायपूरसारख्या शहरातील मराठी विद्यार्थ्याला आणखी एक लाभ मिळतो, जो पुण्या-मुंबईच्या मुलाला सहसा मिळत नाही. येथे घटना एका भाषेत घडते आणि बातमी दुसऱ्या भाषेत लिहिली जाते. भाजीवाली छत्तीसगडीत बोलते, कार्यालयातील सूचना हिंदीत असते, आणि अंक मराठीत निघतो. बोलणाऱ्याच्या शब्दांचा अर्थ न वाकवता ते आपल्या भाषेत आणणे ही प्रामाणिकपणाचीच कसोटी आहे. सप्रे यांनी दासबोध आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, ते याच सामर्थ्यावर. दोन भाषांच्या सीमेवर राहणे ही उणीव मानली जाते. शब्दाचे वजन करायला शिकणाऱ्यासाठी ती संपत्ती आहे.

एक अवघड प्रश्न मात्र टाळता येणार नाही. बक्षिसांच्या बातमीचे सर्वजण स्वागत करतात. पण पाण्याची टाकी धुतली जात नाही किंवा ग्रंथालयाच्या तासाला कपाटांना कुलूप असते, अशी बातमी विद्यार्थ्याने पडताळून आणली तर? अमेरिकेतील मिसुरी राज्यात १९८३ मध्ये हेझलवुड ईस्ट या शाळेच्या मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या ‘स्पेक्ट्रम’ या वृत्तपत्रातील दोन पाने काढून टाकली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८८ मध्ये न्यायालयाने शाळेच्या बाजूने कौल दिला. अल्पवयीन मुलांचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर येऊ नये, ही शाळेची काळजी रास्तच असते. परंतु अधिकार असणे आणि तो ऊठसूट वापरणे या भिन्न गोष्टी आहेत. ज्या अंकात केवळ गौरवच छापला जातो, त्यातून मुले पत्रकारिता शिकत नाहीत, स्तुती शिकतात. मार्गदर्शक शिक्षकाने बातमी दडपण्याऐवजी ‘पुरावा दाखव, दुसरी बाजू विचार, भाषा सौम्य कर’ असे सांगितले, आणि मुख्याध्यापकांनी त्याच अंकात आपले उत्तर दिले, तर शाळेची प्रतिष्ठा उणावत नाही. टाकीही धुतली जाते.

लिहिलेल्या शब्दाची किंमत सप्रे यांनी स्वतः मोजली. २२ ऑगस्ट १९०८ रोजी ‘हिंदी केसरी’तील लेखनासाठी राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. कुटुंबीयांच्या आग्रहाखातर माफीपत्रावर सही करून ते सुटले. पण ते शल्य त्यांना सोसवेना. काही काळ मधुकरी मागून त्यांनी विरक्त जीवन काढले आणि समर्थांच्या वाङ्मयात मन रमवले. तरीही त्यांनी पेरलेले वाया गेले नाही. ‘हिंदी केसरी’ने घेतलेल्या निबंधस्पर्धेत खांडव्याच्या एका तरुण शिक्षकाचा निबंध पहिला आला होता. ते माखनलाल चतुर्वेदी. १७ जानेवारी १९२० रोजी जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाले, तेव्हा सप्रे यांनी संपादकपद त्यांच्याकडे सोपवले आणि स्वतः मागे उभे राहिले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात त्यांचे निधन झाले. आज भोपाळचे पत्रकारिता विद्यापीठ माखनलालजींच्या नावाने ओळखले जाते आणि तेथील वृत्तपत्र-संग्रहालय सप्रे यांच्या.

पुण्याच्या शिक्षकांकडून रायपूरच्या शिक्षकाकडे आणि त्याच्याकडून खांडव्याच्या शिक्षकाकडे ही विद्या हातोहात आली. तिला महागडी यंत्रे लागली नाहीत. पालकांनी मुलाला महिन्यातले काही तास द्यावेत, माजी विद्यार्थ्यांपैकी लेखन, छपाई वा कायदा जाणणाऱ्यांनी अंकामागे उभे राहावे, आणि शाळेने पहिल्या अंकापासूनच ‘दुरुस्ती’ या सदरासाठी एक चौकट राखून ठेवावी. ती चौकट वर्षातून दोन-चारदा भरली तर लाज वाटण्याचे कारण नाही. मुले आपण छापलेले पुन्हा तपासून पाहत आहेत, एवढाच त्याचा अर्थ होईल.