मुलांचें वळण व वडीलधाऱ्यांची घाई

मूल वर्षाचें होण्याच्या आंतच त्याचा लंगोट सुटावा, असा आग्रह पुष्कळ घरांतून दिसतो. आजी तान्ह्यास पायांवर बसवून ‘शू शू’ करते व बाळ मोकळें होतें; परंतु त्या यशाचें श्रेय बहुतांशीं आजीच्या सावधपणाला असतें. वेळ ती ओळखते, बाळ नव्हे.

मलमूत्राचा वेग स्वतः आवरण्याची शक्ति साधारणतः दीड वर्षानंतर येऊं लागते. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनीं १९६२ सालीं १,१७० मुलांविषयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथें सक्ति न करतां मुलाच्या तयारीची वाट पाहिली जात असे. दिवसा कोरडीं राहूं लागलीं तेव्हां त्या मुलांचें सरासरी वय २८.५ महिने होतें.

ही तयारी ओळखणें कठीण नाहीं. मूल दोन तास कोरडें राहतें, साधी सूचना समजतें, ओलें झाल्याचें सांगतें, चड्डी स्वतः खालीं ओढूं पाहतें. मग जेवणानंतर त्यास पांच मिनिटें भांड्यावर बसवावें. पाय जमिनीला टेकलेले असावेत. कांहीं न झाल्यास निमूटपणें उठवावें.

रागावल्यानें मात्र विपरीत घडतें. भ्यालेलें मूल शौच रोखून धरतें. मळ कठीण होतो, पुढील खेपेस दुखतें, आणि त्या दुःखाच्या धाकानें तें पुन्हां रोखतें. रात्रीचें अंथरूण तर पांचव्या वर्षींही कित्येकांचें भिजतें. तो हट्ट नव्हे. ओलें दुपटें धुऊन वाळत घालतां येतें; चारचौघांत लाजविलेल्या मुलाची भीति इतक्या सहज जात नाहीं.