पुस्तक शेवटपर्यंत वाचावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



आपल्या वाचन-बैठकीविषयी मी चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकविले. भाषणे ऐकण्याची सवय फार, करण्याची थोडी. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता, एका बाईने दुसरीपाशी ओट्यावर बसून बोलावे तसे हे बोलणे समजावे.

दर पंधरा दिवसांनी आपण जमतो. एकीने पुस्तक वाचावयाचे आणि बाकीच्यांना ते कसे वाटले हे सांगावयाचे, एवढाच आपला नेम. दोन वर्षांपूर्वी माझी पाळी होती, आणि आपल्या गल्लीतल्या सिस्टरांनी एक पुस्तक माझ्या हाती दिले. सिस्टरांना आपण सर्वजणी ओळखतो. आपल्यापैकी कितीजणींच्या बाळंतपणात त्यांचा हात लागलेला आहे. पुस्तक होते बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’. १८५७ साली छापलेले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ज्याला मान देतात ते हेच. पदमनजी मूळचे बेळगावचे, जन्म १८३१ चा. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे तीनच वर्षांनी, पंचविशी नुकतीच उलटलेली असताना, ही गोष्ट लिहिली.

आता माझी चूक सांगते, कारण आजच्या बोलण्याचे मूळ तीच आहे. मी पुस्तकाची पहिली काही पाने वाचली. भाषा जुनी, वाक्ये लांबलचक. मग शेवटची दोन पाने उलटली. नायिका बाप्तिस्मा घेते एवढे दिसले आणि माझा निकाल तयार झाला. बैठकीत मी सांगून टाकले, “हे मिशनचे प्रचाराचे पुस्तक आहे. गोष्ट नावापुरती, हेतू निराळा. नाही वाचले तरी चालेल.” तुम्ही माना डोलावल्या. चहा झाला. सिस्टर काही बोलल्या नाहीत.

जाताना दारात त्या मला म्हणाल्या, “बाई, तुम्ही पुस्तकाचा धर्म सांगितलात. पुस्तकात काय आहे ते नाही सांगितलंत.” आणि हळूच विचारले, “वाचलंत ना सगळं?”

चाळीस वर्षे मी मुलांना बजावीत आले की धडा न वाचता उत्तर लिहू नये. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची कामे आटोपून मी पुस्तक पहिल्या पानापासून उघडले आणि आठ दिवसांत संपविले.

भगिनींनो, त्यात आहे काय? यमुना ही शिकलेली मुलगी आणि तिचा नवरा विनायकराव समंजस. दोघे प्रवासाला निघतात. ज्या गावी जातात तिथे त्यांना कोणी ना कोणी विधवा भेटते आणि आपली हकीगत सांगते. कोणाचे केशवपन झालेले, कोणाला घरच्यांनीच फसविलेले, कोणी पोटातले दुःख कोणापाशी बोलावे या विवंचनेत. पुस्तकाच्या पुढल्या नावातच, हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे हे निरूपण आहे, असे लेखकाने स्पष्ट लिहिले आहे. आणि इतरांच्या कहाण्या ऐकणाऱ्या यमुनेवरच शेवटी ती पाळी येते. विनायकराव जातो. पुढे ती ख्रिस्ती होते आणि तिचा पुनर्विवाह होतो.

हे वाचता वाचता मला आमच्या माई आठवल्या. माई म्हणजे माझ्या आजीची धाकटी जाऊ. बाराव्या वर्षी विधवा झालेली. मी पाहिली ती म्हातारपणी; तांबडे आलवण, डोक्यावरून पुढे ओढलेला पदर. घरात कोणाचेही लग्न निघाले की महिनाभर आधीपासून पापड, कुरडया, शेवया सगळे माईंच्या हातचे. आणि वऱ्हाड दारात आले की माई मागच्या खोलीत. लहानपणी मी एकदा विचारले होते, “माई बाहेर का येत नाहीत?” आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. साठ वर्षांपूर्वी अडलेले ते उत्तर मला या पुस्तकात सापडले, आणि मी त्याच पुस्तकाला ‘नाही वाचले तरी चालेल’ म्हणून बसले होते!

पुढच्या बैठकीत मी तुमची क्षमा मागून परीक्षण पुन्हा केले, हे तुम्हांला आठवत असेल. त्या वेळी पुस्तकातले उणेही मी लपविले नाही. गोष्ट चालता चालता थांबते आणि प्रवचन सुरू होते. माणसे बोलण्यापेक्षा उपदेश अधिक करतात. आणि माझी मोठी तक्रार ही की, यमुनेला दुःखातून बाहेर पडण्यासाठी लेखकाने एकच दार उघडे ठेवले आहे. विधवाविवाहाचा कायदा जुलै १८५६ मध्ये, म्हणजे पुस्तकाच्या वर्षभर आधीच झाला होता. मग धर्म न सोडताही तिचा संसार पुन्हा उभा राहणे कायद्याने तरी शक्य होते. लेखकाची श्रद्धा त्याच्यापाशी. पण वाचणारीने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मला भीती होती की सिस्टरांना राग येईल. त्या हसून म्हणाल्या, “ती प्रवचनं आम्हांलाही लांबच वाटतात हो, बाई!”

तेव्हापासून असल्या पुस्तकांसाठी मी मनाशी काही नेम ठरविला आहे. पुस्तक शेवटपर्यंत वाचावयाचे. लेखकाला कोणाचा कळवळा आहे ते पाहावयाचे आणि त्याला आपल्याला कुठे न्यावयाचे आहे तेही पाहावयाचे. या दोन गोष्टी निरनिराळ्या मोजावयाच्या. कळवळा खरा असेल तर तो मोकळेपणाने मान्य करावा, आणि वाट पटली नाही तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांगावे. शिवाय त्याच विषयावर दुसऱ्याने काय लिहिले ते जोडीला ठेवावे.

मी जोडीला हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्ष्यात कोण घेतो’ घेतली. १८९० मध्ये निघालेल्या ‘करमणूक’ पत्रातून ती क्रमशः आली. योगायोग पाहा, तिचीही नायिका यमुनाच! ही यमू हिंदू घरातच राहते; तिचेही कपाळ पुसले जाते, तिचेही केस बळजबरीने उतरवितात, आणि तिला बाहेर पडण्याचे दार कुठलेच मिळत नाही. ती मरते. कलेच्या दृष्टीने आपट्यांची यमू कितीतरी जिवंत आहे, यात मला शंका नाही. पण पदमनजींनी आपली यमुना जगविली, हेही मला विसरता येत नाही.

आणि तिसरा आवाज आपल्या बुलढाण्याचाच आहे. ताराबाई शिंदे याच गावच्या. वडील बापूजी हरी शिंदे येथील सरकारी कचेरीत कामाला आणि सत्यशोधक विचारांचे. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, जन्मलेले मूल मारल्याच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. त्यावरून वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर जी राळ उडाली, तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. त्या काळच्या कथा-नाटकांतून बायकांचे जे चित्र रंगविले जाई, त्याचाही त्यांनी भरपूर समाचार घेतला. म्हणजे पुस्तक हाती घेऊन ‘यात बाईला कसे दाखविले आहे?’ असे विचारणारी परीक्षणकर्ती याच मातीत होऊन गेली. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. नंतर पुस्तक विस्मरणात गेले, आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. ताराबाईंनी बाप्तिस्मा घेतला नाही, आणि यमूसारखी निमूट सोसणारी बाईही रंगविली नाही; त्यांनी समाजालाच जाब विचारला. तिन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचा, म्हणजे एकाच दुःखाकडे तिघे तीन बाजूंनी कसे पाहतात ते कळेल.

आता मुलांविषयी. रविवारी मी आपल्या बालगोपाळांना गोष्टी सांगते. काही आयांनी विचारले, “बाई, ख्रिस्ती गोष्टी मुलांना कशाला?” प्रश्न रास्त आहे, आणि आईला तो विचारण्याचा हक्क आहे. माझे उत्तर एवढेच की, आधी गोष्ट तुम्ही वाचा.

जॉन बन्यन नावाच्या इंग्रज उपदेशकाने १६७८ मध्ये छापलेले एक पुस्तक हरि केशवजींनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणले. बन्यनने आपल्या मताखातर बारा वर्षे तुरुंगात काढली होती. पाठीवर मोठे ओझे घेतलेला एक माणूस घरून निघतो; वाटेत चिखलात रुततो, मोहाच्या बाजारात सापडतो, किल्ल्यात कोंडला जातो, आणि चालत राहतो. शेगावाहून पंढरीला निघालेली पालखी आपल्या मुलांनी पाहिलेली आहे. वाटचाल म्हणजे काय, चिखल, पाऊस आणि सोबत म्हणजे काय, हे त्यांना निराळे शिकवावे लागत नाही. एक मुलगा म्हणाला, “बाई, हा एकटाच वारीला का निघाला? याची दिंडी कुठंय?” असे परीक्षण मोठ्यांनाही सुचत नाही!

दुसरी गोष्ट ऑस्कर वाइल्डची, १८८८ सालची. एक स्वार्थी राक्षस मुलांना बागेतून हाकलून देतो आणि बागेतला हिवाळा हटतच नाही. पुढे एका लहानग्याला तो झाडावर उचलून बसवितो आणि त्याचे मन पालटते. अगदी शेवटी तोच मुलगा येतो, तेव्हा त्याच्या तळहातांवर आणि पायांवर खिळ्यांच्या खुणा असतात. त्या कोणाच्या, हे लेखक नाव घेऊन सांगत नाही. मुलांनी मला विचारले. मी सरळ सांगितले की ख्रिस्ती लोक ज्यांना देव मानतात त्या येशूच्या या खुणा. लपविले नाही, आणि त्यावर प्रवचनही दिले नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीने अंगणातल्या पेरूच्या झाडावर शेजारच्या छोट्याला चढविले, आणि दोघेही पडले, अशी तक्रार माझ्याकडे आली. गोष्टीचा परिणाम होतो तो असा!

मोठ्यांच्या पुस्तकात जे पदमनजींना साधले नाही, ते या लहानशा गोष्टीत साधले आहे. श्रद्धा आहे, पण ती गोष्टीच्या पोटात आहे. मुलांसाठी पुस्तक निवडताना मी हेच पाहते: गोष्ट काढून घेतली तर नुसता उपदेश उरतो का? उरत असेल तर ते पुस्तक, कोणत्याही धर्माचे असो, मूल दोन पानांत बाजूला ठेवील.

शेवटी घरची गोष्ट सांगते. ‘यमुनापर्यटन’ची चर्चा संपताना आपल्यातल्या एक भगिनी, ज्या पूर्वी कधीच बोलत नसत, त्या म्हणाल्या, “संक्रांतीला मी लाडू वळते, वाण मोजून ठेवते, आणि हळदीकुंकू सुरू झालं की चपला घालते.” सगळ्याजणी गप्प झालो. १८५७ चे पुस्तक जुने झाले असे समजत होतो. ते आपल्या मंडळाच्या सतरंजीवर येऊन बसले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या चाली बंद करण्याचा ठराव केला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले होते. आपल्या दारात मात्र आणले नव्हते.

गेल्या संक्रांतीला आपण सर्वजणींना, ‘सर्वजणी’ हा शब्द खरा करून, बोलाविले. काहीजणींना ते पटले नाही. दोघी आल्या नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही. मीही एके काळी पुस्तक न वाचता निकाल देऊन मोकळी झाले होते. त्यांच्या घरी आपण पुन्हा जाऊ. त्या दिवशी लाडू वळणाऱ्या बाईंना पहिले वाण सिस्टरांनी दिले, आणि माझ्या डोळ्यांपुढे मागच्या खोलीचे दार उघडून माई बाहेर आल्या.

भगिनींनो, पुस्तक कोणत्या घरून आले हे विचारायला हरकत नाही. पण त्याला दारातूनच परत पाठवू नका. आत घ्या, बसवा, त्याचे बोलणे पुरते ऐका, मग पटले-न पटले ते तोंडावर सांगा. आल्यागेल्याशी आपण हीच रीत पाळतो.

पुढची पाळी कोणाची ते अध्यक्षाबाई सांगतीलच. पुस्तक सिस्टरांकडे आहे. नेणारीने शेवटपर्यंत वाचावे, एवढी विनंती करून आपली रजा घेते.